'सध्या काय करतो?' या प्रश्नाची पूर्वतयारी

बारावीचा निकाल आणि पहिला पगार यांच्यामध्ये पाच-सहा वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात उमेदवाराचा अभ्यास मागेपुढे झाला तरी निभतं; भाषा मात्र यावीच लागते. साखरपुड्यात, वास्तुशांतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि कुणाच्या तेराव्यालासुद्धा त्याला एकच प्रश्न विचारला जाणार असतो. या प्रश्नाला खरं उत्तर देऊन टाकणं हा नवशिक्याचा दोष. पुढचं मार्गदर्शन अशा नवशिक्यांसाठी आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी, कारण उत्तर बहुधा तेच देतात.

सुरुवात पर्सेंटाइलपासून करावी. इंजिनीअरिंगची सीईटी 200 गुणांची असते, पण गुण कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. सांगायचे ते पर्सेंटाइल, आणि ते सांगण्याची एक रीत आहे.

"आमच्या चिन्मयला शहाण्णव पडले."

"अरे वा! टक्के?"

इथे आईने चहाचा कप उचलावा आणि "साखर बघा हं, कमी घातलीय" असं म्हणावं. शहाण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली शहाण्णव मुलं चिन्मयच्या बरोबरीला किंवा मागे. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर त्याच्या पुढे बारा हजार उभी आहेत. हा हिशेब घरात ठेवावा. पाहुण्यांना शहाण्णव पुरतात.

यानंतर येते कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया. घरातल्या मोठ्यांनी या काळात 'प्रवेश मिळाला' हे साधं वाक्य विसरून जावं. सीट 'अलॉट' होते, मग ती 'फ्रीझ' करतात किंवा 'बेटरमेंट'ला जातात. 2025-26 पासून फेऱ्या चार झाल्या आणि 'ऑटो फ्रीझ' नावाचा फास आवळला: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंत्यांना हाच नियम, तिसरीत पहिल्या सहांना. त्यामुळे 'बघू, टाकून तर ठेवू' म्हणून पहिल्या ओळीत भरलेलं कॉलेज पुढची चार वर्षं भोगावं लागू शकतं. लग्न ठरवतानासुद्धा मराठी घरात एवढी सक्ती उरलेली नाही.

कागदपत्रांची शब्दसंपदा वेगळी, आणि ती चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये राहते. जूनमध्ये कुठल्याही सेतू केंद्राबाहेर हा फोल्डर पोटाशी धरून उभे असलेले वडील दिसतात. आत डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सगळ्याच्या तळाशी आजोबांच्या शाळेतल्या जुन्या नोंदीची झेरॉक्स. वर्ष मोकळं गेलेल्या मुलाला 'गॅप'चं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात तो शपथेवर सांगतो की या काळात आपण कुठेही प्रवेश घेतला नव्हता. काही न केल्याचा पुरावा इतक्या गांभीर्याने मागणारं दुसरं खातं क्वचितच असेल. मात्र या साऱ्यातला सर्वांत मोलाचा शब्द 'पावती'. जात पडताळणी समितीकडचं प्रमाणपत्र हाती आलेलं नसेल तर अर्ज केल्याची पावती चालते का, हे खिडकीवर आधी विचारावं. "पावती चालेल" हे दोन शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलेले वडील महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

कॅपमध्ये मनासारखं लागलं नाही, तर जुन्या पिढीतला कुणीतरी 'डोनेशन' हा शब्द काढतो. त्याला तिथेच थांबवावं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दारं उघडली, आणि त्यापाठोपाठ हा शब्द घरोघर पोचला. चारच वर्षांनी, 1987 मध्ये, कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा राज्याने केला. तेव्हापासून सभ्य माणसं 'मॅनेजमेंट कोटा' म्हणतात; त्याहून सभ्य माणसं 'संस्थास्तरावरच्या जागा' म्हणतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत अशा जागा वीस टक्के असतात. कॉलेजच्या नावाबद्दल मात्र अघळपघळ बोलू नये, आद्याक्षरांवर भागवावं. व्हीजेटीआयमधला 'व्ही' 1997 पर्यंत व्हिक्टोरिया राणीचा होता, मग तो वीरमाता जिजाबाईंचा झाला. एवढी उलथापालथ होऊनही माटुंग्यात कुणाची पाटी, बनियन किंवा मुलाखतीतलं उत्तर बदलावं लागलं नाही.

कला-वाणिज्यवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणाने त्यांनाही भरपूर सामग्री दिली आहे: मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, ओजेटी. एफवायच्या मुलीला "विषय कोणते?" असं विचारलं की पूर्वी तीन नावं यायची, आता बास्केट येते. सर्वांत उपयोगी पडतो तो 'एक्झिट'. पूर्वी मुलगा कॉलेज अर्धवट सोडायचा आणि गावभर चर्चा व्हायची. आता तो ठरलेली क्रेडिट मिळवून पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट किंवा दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन 'एक्झिट घेतो', आणि तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा खिशात ठेवतो. घटना तीच, आजी मात्र रडत नाही.

आता मुख्य प्रकरण: पैसा. 'पगार' हा शब्द कॅम्पसवर वापरू नये, तो किराणा दुकानातल्या पोऱ्याला असतो. इंजिनीअरला 'पॅकेज' असतं आणि ते वर्षाचं सांगतात. 'तीन साठ' असं म्हटल्यावर ऐकणाऱ्याने तीन लाख साठ हजार समजून घ्यायचं आणि मनातल्या मनात बाराने भागायचं नाही.

भागलं तर महिन्याचे तीस हजार येतात, आणि मुलाच्या खात्यात तेवढे कधीच येत नाहीत. समजा मूळ पगार पंधरा हजार आहे. त्याचे बारा टक्के, म्हणजे 1,800, कंपनी पीएफमध्ये भरते आणि ते पॅकेजमध्ये मोजते. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 722, हेही पॅकेजमध्ये; नियमित नोकरदाराला ते हातात पडायला साधारण पाच वर्षं एकाच ठिकाणी काढावी लागतात, आणि तेवढं थांबणाऱ्याला हिंजवडीत आजारी समजतात. दहा टक्के 'व्हेरिएबल' धरलं तर आणखी 3,000 वर्षअखेरीच्या वायद्यावर. उरले 24,478. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 1,800 आणि व्यवसायकर 200. 'तीन साठ'चा मुलगा महिन्याला साडेबावीस हजार घरी आणतो. हा आकडा 'इन हँड' या नावाने ओळखतात आणि तो फक्त घरमालकाला व जिवलग मित्राला सांगतात.

त्या दोनशे रुपयांपाशी जरा थांबायला हवं, कारण सबंध स्लिपमधली तीच ओळ खरी महाराष्ट्राची आहे. हा कर राज्याने 1975 मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि बहात्तरच्या दुष्काळातून आलेली ही योजना. गावात काम मागणाऱ्याला काम द्यायचं, आणि त्यासाठी शहरातल्या कमावत्याने काही सोडायचं. फेब्रुवारीत शंभर जास्त कापून वर्षाचे अडीच हजार पुरे करतात. 2023 पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, म्हणून याच पॅकेजवर रुजू झालेल्या वर्गमैत्रिणीच्या खात्यात दोनशे रुपये जास्त येतात. मुलाने यावर कॅन्टीनमध्ये वाद घालू नये.

सरकारी वाटेवरचे शब्द याच्या नेमके उलटे. तिथे आकडा कुणी उच्चारत नाही, पद उच्चारतात. पदाला मानाचा शब्द लागला की सावध व्हावं: मराठीत शब्द जितका वजनदार, तितकं पाकीट हलकं, असा आजवरचा अनुभव. 'सेवक', 'सेविका', 'स्वयंसेविका' ही नावं कानावर पडली की पाठोपाठ 'वेतन' येत नाही, 'मानधन' येतं. आशा स्वयंसेविका दारोदार फिरते, अंगणवाडी सेविका पोरं सांभाळून रजिस्टरं भरते, आणि दोघींना मान आधी मिळतो, धन मागाहून. 2000 साली आलेला शिक्षणसेवक तीन वर्षं वर्गावर शिक्षकाचंच काम करतो. प्राथमिकला त्याचं मानधन बराच काळ सहा हजारांवर अडकलं होतं, ते जानेवारी 2023 पासून सोळा हजार झालं. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत तर 'विद्यावेतन' आहे: बारावीला सहा, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीला दहा हजार. ही योजना लोकांत 'लाडका भाऊ' म्हणून ओळखली जाते. भावाला पगार देण्याची पद्धत आपल्याकडे नाहीच.

पदनामही मधूनमधून वाढतं. तलाठी 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, त्याच वर्षी ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. शेतकरी अजून 'भाऊसाहेब' म्हणतो आणि सातबाराच मागतो. पण ते पद मिळवायचं तर आणखी एक अवघड शब्द शिकावा लागतो: नॉर्मलायझेशन. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. परीक्षा अनेक सत्रांत झाली, कुठला पेपर सोपा निघाला, कुठला कठीण, म्हणून गुण सूत्राने समपातळीवर आणले. जानेवारी 2024 मध्ये निकाल लागला तेव्हा 200 गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला 214 गुण होते. यावर आरडाओरडा झाला आणि खुलासेही झाले. सूत्रात चूक नसेलही. पण पैकीच्या पैकी मिळवून माणूस चौदा गुणांनी मागे राहू शकतो, हे गावातल्या मास्तरांना समजावून सांगणं कोणत्याही सूत्राच्या आवाक्यातलं नाही.

एमपीएससीवाल्यांचा शब्द एकच, पण तो अमोघ आहे: 'तयारी'. तयारीला शेवटची तारीख नसते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, अभ्यासिकेत जागा धरायची, मेसची पोळी मोजून खायची आणि गावी फोनवर पुढच्यापैकी काहीतरी सांगायचं: जाहिरात यायचीय, तारीख पुढे गेली, प्रकरण कोर्टात आहे, मुख्य दोन मार्कांनी हुकली, पॅटर्न बदलला. यातलं कुठलंही कारण खोटं नसतं, हीच अडचण आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, आणि 2023 चा बदल 2025 वर गेला. पोस्ट निघाली की 'तयारी' आपोआप 'संघर्ष' होते, मग सत्कार, फ्लेक्स आणि त्याच अभ्यासिकेत व्याख्यान. निघाली नाही तर वयाची मर्यादा संपेपर्यंत तयारीच राहते.

उच्चशिक्षणाच्या टोकाला प्राध्यापक बसतात. नेट किंवा सेट (महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं) आणि त्यावर पीएचडी झालेला मनुष्य कॉलेजात रुजू झाला असं कळलं, तर अभिनंदनाच्या आधी "ग्रँटेबल का?" असं विचारण्याचा प्रघात आहे. "सध्या सीएचबीवर" असं उत्तर आलं की विषय बदलावा. सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व: जेवढे तास शिकवलं तेवढ्या तासांचे पैसे, दिवाळी आणि मे महिना बिनपगारी. नावापुढे 'प्रा.' लावायला मात्र हरकत नाही. त्याचे तास कुणी मोजत नाही.

हे सारे शब्द एका कागदावर एकत्र येतात, तो म्हणजे लग्नाचा बायोडाटा. गणपतीचं चित्र, रास, नाडी, उंची यांच्याखाली 'नोकरी' असा रकाना असतो. तिथे कंपनीवाल्याने पॅकेज लिहावं, 'इन हँड' लिहू नये. सीएचबीवाल्याने 'प्राध्यापक, पुणे' इतकंच लिहावं. तयारीवाल्याने 'स्पर्धा परीक्षा' लिहून खाली 'शेती : बागायत' ही ओळ ठळक करावी. मुलीकडच्यांनी सॅलरी स्लिप मागितलीच तर ऑफर लेटरचं पहिलं पान पाठवावं, कारण कापाकापीचा तक्ता दुसऱ्या पानावर असतो. मुलीच्या वडिलांनी दुसरं पानही मागवलं, तर ते स्वतः लेखा विभागातून निवृत्त झालेत असं समजून बैठकीला काकांना सोबत न्यावं.