शिडाच्या होडीत उबदार आणि कोरडं कसं राहावं : देवळाली कॅम्पच्या रहिवाशांसाठी

साहित्य : शिडाची एक छोटी होडी, दोन माणसं, सुतळीने विणलेली बाज, लोकरीची कानटोपी, गरम पाण्याची रबरी पिशवी, थर्मास आणि जानेवारीतली एक रात्र. होडी नसल्यास कॅम्पातली आठ बाय दहाची खोली चालेल.

पूर्वतयारी

देवळालीला समुद्र नाही, ही हरकत आधीच निकालात काढलेली बरी. या गावाचा जहाजांशी संबंध जुना आहे, फक्त तो वाट पाहण्याचा आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाण्यापूर्वी इथल्या छावणीत येऊन पडत. त्यांना नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्याच्या नशिबी पुढच्या हिवाळ्यापर्यंत डास आणि कंटाळा असे. बीबीसीने 1974 साली याच छावणीवर एक विनोदी मालिका सुरू केली आणि तिच्या नावातच इथल्या उकाड्याचं रडगाणं गायलं. जानेवारीत पहाटे लॅम रोडवर दूध आणायला निघालेल्या माणसाला ते नाव मान्य होणार नाही.

कृती पहिली : शत्रू ओळखणे

होडीतलं पाणी बाहेरून येतं, असा नवशिक्याचा समज असतो. तो रात्रभर बॅटरी घेऊन गळती शोधतो. थंडीत अंथरूण भिजवणारं बरंचसं पाणी मात्र त्याने स्वतःच आत आणलेलं असतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेवाटे तासाला सुमारे 40 ग्रॅम पाणी सोडतो. दोघे आठ तास झोपले, की अर्ध्या लिटरहून जास्त.

हे पाणी हवेत राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण 20 अंशांची एक घनमीटर हवा सुमारे 17 ग्रॅम वाफ धरते, आणि 10 अंशांची जेमतेम 9. केबिनमधली ऊबदार हवा होडीच्या गार भिंतीला टेकते, गारठते आणि न पेलणारी वाफ तिथेच थेंबांच्या रूपात टाकून मोकळी होते. हे थेंब नेमके कानात पडतात.

कृती दुसरी : चुकीचा उपाय साग्रसंगीत करणे

संसारी माणूस सर्वप्रथम फटी बुजवतो. खिडकीला वर्तमानपत्र, दाराखाली जुनी चादर. मग ‘जरा ऊब येईल’ म्हणून आत गॅस पेटवून चहा ठेवतो. एक किलो गॅस जळला, की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत 20 लिटरांहून जास्त पाणी हवेत गेलेलं असतं. एवढं पाणी नळाला आलं असतं तर त्याने बादल्या लावल्या असत्या.

कोळशाच्या शेगडीबाबत मात्र गंमत नाही. बंद खोलीत ती कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. होडीत शेगडी हवीच असेल, तर जिचा धूर आणि वाफ दोन्ही नळीवाटे थेट बाहेर जातात तीच घ्यावी. एरवी रबरी पिशवीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून ती पायाशी घ्यावी.

कृती तिसरी : भोक पाडणे

खरा उपाय ऐकून घरातली वडीलधारी मंडळी नाराज होतात, कारण तो वारा आत घेण्याचा आहे. बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात वाफ कमी असते. ती आत येऊन तापली, की ओल उचलते आणि बाहेर घेऊन जाते. मात्र होडीत वाऱ्याबरोबर लाटही आत येते. त्यावर तोड निघाली ‘डोरेड’ या शर्यतीच्या नौकेवर. ऑलिन स्टीफन्सने आखलेली ही नौका 1930 साली पाण्यात उतरली. तिच्या डेकवर झरोक्याखाली एक पेटी असे. आत आलेलं पाणी पेटीच्या तळच्या भोकांतून वाहून जाई आणि हवा आडोशावरून वळसा घेऊन केबिनमध्ये उतरे. जगभरचे होडीवाले अशा पेटीला आजही ‘डोरेड’च म्हणतात.

देवळालीकराला यात नवल वाटू नये. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं इथे कोरड्या हवेसाठी येत, सॅनिटोरियम बांधत. तिथे हवा हेच औषध होतं. जुन्या बंगल्यांत छताजवळ दोरीने उघडायची झडप असते, तीही याच कामासाठी. हल्ली तिच्यावर कबुतरं बसतात.

कृती चौथी : अंथरूण

गादी थेट फळीवर टाकली, की तिची खालची बाजू सकाळपर्यंत ओली होते. खालून हवा खेळली पाहिजे, आणि बाजेइतकी हवा कशातूनही खेळत नाही. जुन्या साड्यांची गोधडी देवळालीत उत्तम, पण समुद्रावर कुचकामी. सुती कापड भिजलं की ऊब सोडतं, लोकर भिजूनही थोडी धरून ठेवते. खारं पाणी लागलेलं कापड तर उन्हात टाकूनही पुन्हा ओलावतं, कारण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांपुढे गेली की मीठच पाणी ओढून घेतं. असे कपडे आधी गोड्या पाण्यात खळबळावेत.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी

कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010 मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत केप हॉर्न लागलं, 56 अंश दक्षिणेला. नौकाही 56 फुटांची, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. तिच्या कवचात लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास आहे. लाकूड उष्णता हळू वाहून नेतं, म्हणून असं कवच आतून लोखंडी पत्र्याइतकं गार पडत नाही.

शंकासमाधान

होडी कुठे सोडावी? गंगापूर धरण जवळ आहे, मात्र तिथे रात्री मुक्कामाची परवानगी मिळते का, हा प्रश्न या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा. सराव खोलीतच करायचा असेल आणि घरात सासरे असतील, तर त्यांचं घोरणं सुरू झाल्यावर झडप चार बोटं उघडावी आणि पहाटे ते चहाला उठण्याच्या आत बंद करावी. पकडलं गेल्यास कबुतरांवर ढकलावं.