स्टेकहाउसमध्ये काहीही न ठरवण्याची कला

न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाउसमध्ये जेवायला निघालेला नवखा माणूस बहुधा अभ्यास करून निघतो. तो मेनू आधीच वाचून ठेवतो, रिबआय आणि स्ट्रिप या मांसाच्या कापांतला फरक पाठ करतो, वाइनची दोन नावे उच्चारासकट घोकतो आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखा टेबलाशी ताठ बसतो. ही मेहनत वाया जाते, कारण तिथे त्याला फारसे कोणी काही विचारणार नसते. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सिद्धान्त असा: अस्सल स्टेकहाउसचा धंदा खात्रीचा आहे. काल मिळाले तेच आज मिळेल आणि आज मिळाले तेच वीस वर्षांनीही मिळेल, ही हमी तिथे वाढली जाते आणि बिलही तिचेच लागते. हमी द्यायची तर गिऱ्हाइकाच्या हाती फार काही ठेवून चालत नाही. म्हणून लग्नात नवरदेवाला जेवढा मान आणि जेवढे अधिकार असतात, तेवढेच इथे जेवणाऱ्याला असतात. सगळी धावपळ त्याच्यासाठी, पण मुहूर्तापासून पक्वान्नांपर्यंत काहीही त्याने ठरवलेले नसते. हे ज्याला पटले तो उत्तम जेवतो. ज्याला पटले नाही तो तेवढेच पैसे देऊन कुरकुरत घरी जातो.

आत शिरल्यावर प्रथम वर पाहावे. वेस्ट ३६व्या रस्त्यावरचे ‘कीन्स’ १८८५ पासून चालू आहे आणि त्याच्या छताला लांब दांडीचे मातीचे पाइप टांगलेले आहेत, ५०,०००हून अधिक. पूर्वी नेहमीची मंडळी आपला पाइप तिथेच ठेवून जात. त्यांत थिओडोर रूझवेल्ट आणि बेसबॉलपटू बेब रूथ हेही होते. वेस्ट ५२व्या रस्त्यावरच्या, १९२७ साली निघालेल्या ‘गॅलाघर्स’मध्ये मुरत ठेवलेले मांस काचेआड मांडलेले असते, ते फुटपाथवरूनच दिसते. या दोन्ही ठिकाणी फोटो काढायला हरकत नाही, आश्चर्य दाखवू नये. आश्चर्य हे प्रथमच आल्याचे लक्षण समजले जाते. अर्थात हा जुनेपणा प्रत्येक ठिकाणी वयानेच आलेला असतो असे नाही. ‘स्मिथ अँड वोलेन्स्की’ हे नाव ऐकून दोन भागीदारांच्या तीन पिढ्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ते १९७७ साली अ‍ॅलन स्टिलमन यांनी काढले आणि ही दोन्ही आडनावे टेलिफोन डिरेक्टरीतून उचलली. तेव्हा ‘स्मिथसाहेब आज आहेत का’ अशी चौकशी करू नये. नाव उसने असले तरी लाकूडकाम, पांढरी टेबलक्लॉथ आणि मोजून घेतलेले मांस खरे असते, आणि गिऱ्हाइकाला हवी असलेली खात्री तेवढ्यावर उभी राहते.

इथे पहिला आक्षेप येतो. काहीच बदलायचे नाही हा बाणा म्हणजे जुन्या पुरुषी क्लबची हेकेखोरी नव्हे काय? अंशतः आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच शहरात ‘बीफस्टेक’ नावाच्या मेजवान्या होत. पुरुष एप्रन बांधून तळघरात बसत आणि काट्या-सुऱ्यांवाचून, हातांनी मांस आणि बिअर रिचवत. ‘कीन्स’मध्येही स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९०५ साली अभिनेत्री लिली लँग्ट्री यांनी त्याविरुद्ध दावा लावला, जिंकला, आणि मग दार उघडले. जे बदलायलाच हवे ते इथे आपणहून बदलत नाही, कोर्टाचे कागद आल्यावर बदलते, हा या धंद्याच्या स्वभावातला दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्या निकालाने बदलले ते दार, मेनू नव्हे, हेही तितकेच खरे.

आता मेनूकडे. मेनू हाती घ्यावा, चाळावा आणि आदराने खाली ठेवावा. कारण त्यावरचे महत्त्वाचे निर्णय काही आठवड्यांपूर्वीच झालेले असतात. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातील ‘पीटर लुगर’चे उदाहरण घ्यावे. १८८७ साली ते बिलियर्ड आणि बोलिंगची सोय असलेले कॅफे म्हणून सुरू झाले. १९५० साली ते लिलावात निघाले तेव्हा समोरच्या धातुकामाच्या कारखान्याचे मालक सॉल फोरमन यांनी ते घेतले. तिथे नेहमी जेवत असल्यामुळे त्यांना जेवणाची पारख होती. कच्च्या मांसाची नव्हती. ती त्यांच्या पत्नी मार्शा यांनी कमावली. सरकारी प्रतवारी करणाऱ्या एका निवृत्त तज्ज्ञाबरोबर बाजार पालथे घालून त्या मांस ओळखायला शिकल्या आणि पुढे निवडीचे काम त्या घरातल्या बायकांकडेच राहिले. त्या पाहतात ती चरबीची नक्षी. स्नायूच्या आत पांढऱ्या रेषा जितक्या बारीक आणि दाट, तितकी प्रत वरची. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रतवारीत ‘प्राइम’ सर्वांत वर, तिच्याखाली ‘चॉइस’, मग ‘सिलेक्ट’. आणि प्राइम मांस मुख्यतः हॉटेले आणि रेस्टॉरंटेच उचलतात.

निवडलेले मांस लगेच तव्यावर जात नाही. ते गोठणबिंदूच्या जरा वर, खेळत्या हवेत, साधारण तीन-चार आठवडे उघडे ठेवतात. याला ड्राय एजिंग म्हणतात. त्या काळात मांसातलीच एन्झाइम्स स्नायूंचे धागे सैल करतात, पाणी उडून चव दाटते, आणि बाहेर काळपट कडक थर येतो तो कापून फेकावा लागतो. म्हणजे विकत घेतलेल्या वजनाचा मोठा भाग हवेत आणि कचऱ्यात जातो. त्याची किंमत उरलेल्या भागावर चढते. इतकी माणसे, इतके दिवस आणि इतके नुकसान जिथे आधीच खर्ची पडले आहे, तिथे टेबलाशी बसून ‘आज काय स्पेशल?’ असे विचारणे शोभत नाही. आजही तेच असते.

दोघे असाल तर दोघांचे पोर्टरहाउस सांगावे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले असे दोन्ही भाग त्यात येतात. फिलेची रुंदी किमान सव्वा इंच असली तरच त्याला पोर्टरहाउस म्हणता येते. त्याहून कमी भरली की ते टी-बोन. हा नियम सरकारी आहे, तेव्हा पट्टी सोबत नेण्याची गरज नाही. ‘लुगर’मध्ये स्टेक आधीच कापून येतो आणि वेटर ताटलीच्या एका कडेखाली छोटी बशी उपडी घालून ती तिरकी ठेवतो. वितळलेले लोणी आणि रस खालच्या कडेला जमतात आणि तिथून चमच्याने तुकड्यांवर ओतले जातात. नवख्याचा हात ताटली सरळ करायला आपोआप पुढे जातो, तो आवरावा. फिलेचे तुकडे थोडे आणि मऊ असतात, त्यामुळे संभाषणात रमलेल्या जोडीदाराच्या वाट्याचे ते आपण उचलू नयेत. सुरुवातीला टोमॅटो-कांद्याच्या जाड चकत्या किंवा बेकनची एक पट्टी पुरे. ब्रेडच्या टोपलीशी मैत्री वाढवणारा माणूस मुख्य प्रसंगी निवृत्त झालेला असतो.

आता तो एकमेव निर्णय, जो खरोखर तुमचा आहे: स्टेक किती भाजायचा. उत्तर द्यायला फार वेळ लावू नये. ‘मीडियम रेअर’ म्हणजे आतले तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअस, ‘वेल डन’ म्हणजे ७० आणि त्यापुढे. ताटलीत दिसणारा लाल द्रव पाहून दचकू नये. ते रक्त नसते, स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेले पाणी असते. भाजताना वरचा पापुद्रा रस आत कोंडून ठेवतो, असे एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले होते. ते चुकीचे ठरले आहे. पापुद्रा रस अडवत नाही, चव देतो; ही चव देणारी प्रक्रिया लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. तेव्हा शेजारी कोणी ‘रस सील झाला आहे’ असे म्हणाला तर मान डोलावून जेवत राहावे. वाद घालण्यात स्टेक गार होतो.

यावर दुसरा आक्षेप: पैसे माझे, मग मी पूर्ण भाजलेला का मागू नये? मागावा, आणि वेटरच्या भुवयांकडे लक्ष देऊ नये. पण तापमान चढते तशी प्रथिने आकसतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. जे मऊपण आठवड्यांच्या प्रतीक्षेने आले ते शेवटच्या दहा मिनिटांत निघून जाते. म्हणजे खात्रीचे मोल मोजायचे आणि तीच खात्री परत पाठवायची. आरोग्याचे कारण मात्र वेगळे आणि खरे आहे. अखंड तुकड्यासाठी कृषी खात्याचा सल्ला सुमारे ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा असा आहे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी तो पाळावा आणि संकोच बाळगू नये.

तिसरा आक्षेप समीक्षकांचा. २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पीट वेल्स यांनी ‘लुगर’ला शून्य तारे दिले. मग खात्री कुठे राहिली? उलट तिथेच ती दिसली. त्यानंतर २०२३ मध्ये ‘लुगर’ने लास व्हेगासमध्ये शाखा काढली. सवय हा असा माल आहे की एका परीक्षणाने त्याची किंमत घटत नाही. स्टेक घरीच भाजला तर स्वस्त पडेल, हा युक्तिवादही बरोबर आहे. फक्त व्यावसायिक ब्रॉयलरची, म्हणजे वरून आच देणाऱ्या भट्टीची, धग घरच्या ओट्यावर येत नाही आणि प्राइम मांस मुरवायला शीतगृहही लागते.

चौथा आक्षेप आपल्याकडचा. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली आणि २०१५ मध्ये बैल-वळूही त्यात आले. त्यामुळे पुण्या-नागपूरहून जर्सी सिटीत गेलेल्या अनेकांची स्टेकशी पहिली गाठ कंपनीच्या जेवणातच पडते, आणि त्यांतले कितीतरी जण गोमांस खात नाहीत किंवा मांसच खात नाहीत. त्यांनी कारणे देत बसू नये. ‘मी हे खात नाही’ एवढे वाक्य पुरते. मासे खाणाऱ्याला श्रिम्प कॉकटेल आहे, मटणप्रेमीला ‘कीन्स’चा मटन चॉप प्रसिद्ध आहे. शाकाहाऱ्याने क्रीम घातलेला पालक, भाजलेला बटाटा आणि आइसबर्ग लेट्यूसची फोड मागवावी, मात्र बेकन वगळायला सांगावे आणि पालकात काय पडते ते विचारून घ्यावे. ही तोंडी लावणी दोघा-तिघांना पुरतील एवढी येतात, आणि तीही वर्षानुवर्षे तशीच असतात. खात्री त्यालाही मिळते, आणि स्वस्तात.

शेवटी बिल. त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर असतो आणि कराआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के टीप देण्याचा रिवाज आहे. टीप ऐच्छिक आहे असे म्हणून हात आखडू नये. टीप मिळते या गृहीतावर मालकाला वेटरचे रोख वेतन कमी ठेवायला तिथला कायदा मुभा देतो, म्हणजे ती रक्कम त्याच्या पगाराचाच भाग असते. ‘लुगर’ने तर दशकानुदशके क्रेडिट कार्डही घेतले नाही, तेव्हा पैसे कसे देणार हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. उरलेले पार्सल मागण्यात कमीपणा नाही, सगळेच मागतात. आणि एक नियम कधीही मोडू नये: जेवण पचेपर्यंत डॉलरचे रुपये करू नयेत.