ॲट पोस्ट किहीम

आमच्या किहीमचे ॲटपोस्टराव आपल्याही गावी असतीलच. तेथे त्यांचे नाव काय ते निराळे असेल. चोंढीच्या नाक्यावर मांडव्याहून आलेल्या वाहनातून एखादा परस्थ उतरला, की भाजीची पिशवी डाव्या हातात घेऊन, उजवा हात कोपरापासून ताठ पुढे करून जे लगबगीने सामोरे जातात, आणि ‘गुड मॉर्निंग सर, हाउ डू यू डू’ एवढ्यावर न थांबता, ‘मायसेल्फ’ असा आरंभ करून स्वतःचे नाव, ‘सन ऑफ लेट’ म्हणून कैलासवासी तीर्थरूपांचे नाव, आणि ‘ॲट पोस्ट किहीम, तालुका अलिबाग’ येथपासून पुढचा समग्र पत्ता एका दमात सांगतात, ते हे. परस्थाने तोवर समुद्र कोणत्या बाजूस आहे, एवढेच विचारलेले असते.

या परिचयाचा पाया शाळेत घातला गेला. बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजीस खालच्या इयत्तांतून रजा दिल्यामुळे त्या काळी ही भाषा मुलांच्या कानावर आठवीत प्रथम पडे, आणि मास्तरांनी जो पहिला पाठ घोकून घेतला त्यात नाव, पित्याचे नाव, गाव, तालुका, जिल्हा व राज्य अशी सहा कलमे होती. पुढे शिकलेले बहुतेक इंग्रजी काळाच्या ओघात वाहून गेले, तरी ही सहा कलमे शाबूत राहिली. सरकारास मात्र हे पाठांतर पाहवले नाही. ‘बॉम्बे स्टेट’ जिभेवर बसते न बसते तोच १ मे १९६० उजाडला आणि महाराष्ट्र राज्य झाले. १९७२ साली टपाल खात्याने पिन कोड काढला, तेव्हा ते सहा आकडे शेवटास जोडावे लागले. आणि १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा अलिबागच्या कचेरीतील अव्वल कारकून या नात्याने ॲटपोस्टरावांनी जुना मजकूर न खोडता, फेरफाराची नोंद घ्यावी तशी ‘डिस्ट्रिक्ट रायगड, फॉर्मर्ली कुलाबा’ अशी दुरुस्ती केली. नवा साहेब आला की बाकीचे कारकून नमस्कार करून उभे राहत. हे त्याला त्याच्याच जिल्ह्याचे पूर्वाश्रमीचे नाव सांगत. पहिल्या भेटीतच ज्याचा पिन कोड कळतो अशा कारकुनास बढती द्यावी की त्याची बदली करावी, याचा निर्णय कोणत्याच साहेबास करता आला नाही, आणि ॲटपोस्टराव अव्वल कारकून म्हणूनच सेवानिवृत्त झाले.

सेवानिवृत्तीने माणूस मंदावतो म्हणतात. यांचा तर व्याप वाढला. त्यांच्या घरासमोर दवाखाना थाटणाऱ्या तरुण डॉक्टरने ‘काय होतंय?’ म्हणून विचारले, तर गुडघेदुखीचा उल्लेख पिन कोडनंतर आला. चुकून लागलेल्या फोनवरही समोरच्याने क्षमा मागण्यापूर्वी तालुका ऐकलेला असतो. लग्नात वराकडच्या मंडळींशी ओळख करून देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे, तर सीमांतपूजनाचा मुहूर्त ‘फॉर्मर्ली कुलाबा’पाशी येऊन अडतो.

डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धवट विणून मादीस दाखवतो, तिला पसंत पडले तरच ते पुरे करतो, आणि लागलीच दुसरीसाठी दुसरे विणावयास घेतो, ही त्या पक्ष्याची संसाराची रीत त्यांनी येथेच न्याहाळली. तो परिसर पाहण्याकरिता एकदा एक युरोपियन पाहुणा आला. ॲटपोस्टरावांचा संपूर्ण पाठ त्याने सौजन्याने ऐकून घेतला आणि हसत हसत स्वतःचे पहिले नाव तेवढे सांगितले. ॲटपोस्टराव वाट पाहत उभे राहिले. अर्ज अपुरा भरला आहे हा शेरा त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येत होता. अखेर त्यांनीच ‘फादर्स नेम?’ आणि पाठोपाठ ‘तालुका?’ अशी पृच्छा केली. पाहुण्याने पित्याचे नाव दिले. तालुक्याचा प्रश्न त्याच्या देशात अद्याप प्रलंबित असावा. सुगरणीची हकिकत ऐकल्यावर मात्र ॲटपोस्टरावांनी गंभीरपणे एवढेच विचारले की, इतक्या घरांची घरपट्टी भरतो कोण?

असा हा मनुष्य नाक्यावर दिसला की मी नारळाच्या वाड्यांतली आडवाट धरतो, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेले नाही. परंतु २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसे मांडव्यास उतरू लागली, वाड्यांना उंच भिंती आल्या, आणि भिंतींआडचे नवे मालक मुंबईत आपले घर ‘अलिबागला’ असल्याचे सांगू लागले. सासवणे, आवास, झिराड, किहीम, थळ ही सारी गावे त्यांच्या लेखी अलिबागच. अशाच एका नव्या शेजाऱ्याच्या फाटकापाशी ॲटपोस्टराव रीतीप्रमाणे ओळख करून घ्यावयास गेले, तेव्हा योगायोगाने मी मागेच होतो. घंटेचे बटण दाबताच भिंतीतल्या यंत्राने विचारले, ‘डिलिव्हरी?’ ‘नो सर, मायसेल्फ...’ म्हणून त्यांनी उजवा हात भिंतीपुढे केला. तीर्थरूपांचे नाव संपता संपता यंत्र खट्‌कन बंद पडले. त्यांनी मात्र किहीम, अलिबाग, रायगड, कुलाबा आणि सहाही आकडे कोठेही घाई न करता पुरे केले, मगच हात मागे घेतला आणि माझ्याकडे वळून विचारले, ‘तालुक्यापर्यंत तरी ऐकलं असेल ना हो त्यांनी?’

‘ऐकलं असेल की,’ मी म्हणालो.

सातबाऱ्यावरील नावे भराभर पालटत असता, मृत पित्यास, गावास आणि नाव पालटलेल्या जिल्ह्यासही आपल्या शेजारी उभे करून परक्यास हात देणारा हा एकच वकील आता किहीमला उरला आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. त्यांचा विलक्षण कंटाळा येतो, हे विधान मी त्यामुळे मागे घेणार नाही. ग्रामपंचायतीस माझी नम्र सूचना एवढीच, की तिने त्यांची मांडव्याच्या धक्क्यावर सन्माननीय नेमणूक करावी; येणाऱ्या प्रत्येकास आपण कोणत्या गावी चाललो आहोत हे उतरताक्षणीच सविस्तर कळेल, आणि मला नाक्यावरून सरळ रस्त्याने घरी जाता येईल.