किलोमीटरभर संस्कृती

झिरो माइलचा दगड आपल्या गावात असल्यामुळे अंतराचं कौतुक नागपूरकरांना कोणी सांगू नये. पण 9 फेब्रुवारी 2024 रोजी शालेय शिक्षण विभागाने जो किलोमीटर शोधून काढला, तो इंग्रजांनाही सुचला नव्हता. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गातल्या 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या असतात. प्रवेश देताना किलोमीटरच्या आत राहणारं मूल आधी घ्यायचं, म्हणजे चिमुकल्या पायांची वणवण वाचते. विभागाने तोच किलोमीटर उचलला आणि शाळेच्या फाटकाला आतून कडी म्हणून लावला. ज्या खासगी शाळेच्या किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला 25 टक्क्यांतून सूट!

आता नागपुरात महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात नाही अशी जागा शोधायची, तर अंबाझरी तलावात होडी घालावी लागेल. म्हणजे गरिबाच्या पोरासाठी राखीव जागा राहिल्या, फक्त पाण्यात.

मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2024 रोजी या सुधारणेला स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती रद्दच केली. सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. तोवर विदर्भातल्या शाळा सुरू होऊन गेल्या होत्या, आणि सोडतीत नाव असलेली पोट्टी घरी बसून 'अ अननसाचा' करत होती. पण एवढ्या तेवढ्या गोष्टींनी समता थोडीच खचते?

खोटं कशाला बोला, शाळांचीही एक बाजू आहे. अशा प्रत्येक मुलामागे सरकार वर्षाला 17,670 रुपये देतं. म्हणजे देणार असतं. ते वर्षानुवर्षं थकतात. पालकही काही कमी नाहीत. खोटे पत्ते आणि बनावट दाखले जोडून या जागा लाटल्याबद्दल त्याच वर्षी नागपुरात पालकांवर गुन्हे दाखल झाले. गरिबीसाठी एवढी चढाओढ जगात दुसरीकडे नसेल.

पण आमच्या ओळखीच्या एका संस्थाचालक भाऊसाहेबांना (ते प्रत्येक शहरात असतात, म्हणून नाव सांगत नाही) या सगळ्याची झळच लागली नाही. "आपल्याले तं लागूच नाही ना जी ते," ते म्हणाले. "आपण अल्पसंख्याक."

मी दचकलो. भाऊसाहेब तीन पिढ्यांपासून बहुसंख्य आहेत. जेवणाच्या पंगतीत तर विशेष. मग खुलासा झाला. घरात आजोबांची भाषा मराठी नव्हती, विश्वस्त मंडळात त्या भाषेची मंडळी बहुसंख्य आहेत, म्हणून संस्था भाषिक अल्पसंख्याक. आणि 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात सांगितलं की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. कारण संविधानाच्या अनुच्छेद 30 ने त्यांना आपली भाषा, आपली संस्कृती जपायला शाळा चालवण्याचा हक्क दिलाय. हक्क खरा आहे, मोलाचा आहे, त्याची टिंगल करायची माझी छाती नाही. मी भाऊसाहेबांना एवढंच विचारलं की शाळेत आजोबांची भाषा कितव्या वर्गापासून शिकवता?

"शिकवत नाही. इंग्लिश मीडियम आहे ना! पालक काय म्हणतील?"

म्हणजे आजोबांची भाषा फक्त प्रमाणपत्रात बोलली जाते. भाऊसाहेब एकटे नाहीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2021 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांचा देशभर अभ्यास केला, तेव्हा त्यांतले 62.5 टक्के विद्यार्थी त्या समाजांबाहेरचे निघाले आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतले अवघे 8.76 टक्के. संस्कृती जपायची तर गर्दी टाळावी लागते, त्यातही गरिबांची आधी. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमतीच्या निकालाबद्दल शंका काढून प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं असं म्हटलं, तेव्हापासून भाऊसाहेबांच्या संस्कृतीला जरा घाम फुटलाय.

तरीही भाऊसाहेबांच्या शाळेला विविधतेचं वावडं आहे असं कोणी म्हणू नये. दर वर्षी गॅदरिंगमध्ये गोंडांचं रेला नृत्य असतंच. पिसांचे मुकुट, कवड्यांच्या माळा, सगळा सरंजाम भाड्याने येतो. धरमपेठ, लक्ष्मीनगरातली गोरीगोमटी लेकरं गालांवर पांढरे ठिपके काढून गोल फिरतात, मम्मी-पप्पा मोबाइल उंच धरतात. एकाही मुलाला गोंडी येत नाही, हा त्यांचा दोष नाही. बाईंनाही येत नाही.

ज्यांना येते, त्यांची गोष्ट ऐका. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची शाळा काढली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. माध्यम गोंडी. पोराला घरी जी भाषा समजते तीच फळ्यावर दिसली तर ते शाळेत टिकतं, एवढं साधं गणित. मराठीत बोलणाऱ्या गुरुजींकडे टकमक बघत पहिली-दुसरी काढणं म्हणजे काय, हे त्या आईबापांनी स्वतः भोगलेलं होतं.

शिक्षण खात्याने नोटीस धाडली: शाळा अनधिकृत, बंद करा. कायद्याचं कलम 18 तसं कडक आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरी चालूच ठेवली तर रोज दहा हजार. ग्रामसभेला अखेर नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं. गंमत बघा, हे कलम ज्या कायद्यात आहे तो म्हणजे मुलांचा शिक्षण हक्क कायदाच, जो भाऊसाहेबांना लागू नाही. शिवाय त्याच कायद्याचं कलम 29 सांगतं की शक्य तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावं. खात्यातल्या साहेबांची वाचनाची सवय बहुधा 18 पाशीच सुटली असावी.

गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख 84 हजार. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. मणिपुरीला आहे, बोडोला आहे, दोघींचे बोलणारे गोंडीपेक्षा कमी. त्या भाषांना मिळालं ते रास्तच मिळालं. पण गोंडीचं प्रकरण कुठल्या टेबलावर अडलंय, ते सांगणारा बाबू मला अजून भेटलेला नाही.

आदिवासी विकास विभागाची माया मात्र आटलेली नाही. निवडक आदिवासी मुलांना 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळांत पाठवायची योजना आहे, फी सरकार भरतं. मूल गावातून उचलायचं, शहराकडच्या वसतिगृहात ठेवायचं, सुट्टीत घरी गेलं की आजीशी बोलताना अडखळेल इतपत शिकवायचं. यात समता आहे, फी आहे, पावती आहे. मोहगावात यातलं काय होतं? नुसती शाळा. शाळेपासून घराचं अंतर शून्य किलोमीटर, तरी सूट नाही!

सगळ्यात मोठी पंचाईत आपल्या शहराच्या संस्थापकाची होईल. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास. समजा राजेसाहेब नातवाचं बोट धरून पहिलीच्या प्रवेशाला आले. रहिवासी पुरावा? शहरच माझं आहे, हे उत्तर ऑनलाइन अर्जात बसत नाही. भाडेकरार असेल तर नोंदणीकृत हवा. जातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीचा पुरावा लागेल. तो त्यांच्याकडे जरा जास्तच पूर्वीचा आहे, पडताळणी समिती संशय घेईल. जात सोडून उत्पन्न एक लाखाच्या आत दाखवायचं तर राज्य गेल्याचा तलाठ्याचा दाखला जोडावा लागेल. नातू घरी कोणती भाषा बोलतो, असा रकानाच नाही.

मी भाऊसाहेबांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, "ॲडमिशन तं जमणार नाही. पण पोराची हाइट चांगली असंल तं गॅदरिंगमध्ये घेऊन टाकू. पोशाख त्यानं घरूनच आणावा म्हणा, तेवढंच भाडं वाचते."