हुकूम बंद की कट?

मेंढीकोट हा चौघांनी, दोन जोड्यांत खेळायचा पत्त्यांचा डाव. प्रत्येकाला 13 पाने. दश्शी म्हणजे मेंढी. चारांतल्या तीन ओढणाऱ्यांचा डाव, दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. चारही गेल्या की कोट. इथवर महाड तालुक्यातल्या वीर गावात आणि डोंबिवलीत एकमत असते. भांडण हुकुमावर होते, आणि तेही गणपतीच्या जागरणाला, कारण तेव्हा दोन्हीकडची माणसे एकाच चटईवर असतात.

बंद हुकुमात एक गडी आपली पाने पाहून त्यातले एक हुकूम म्हणून उपडे ठेवतो. कट हुकुमात उतारीचा रंग ज्याच्याकडे आधी संपतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. बंदमध्ये त्या गड्याचा फायदा उघड आहे, पण पाळी फिरते, रात्रभरात फिटंफाट. कटमध्ये सगळे नशिबावर. नशीब कुणाचीच बाजू घेत नाही, हे मात्र हरणाऱ्याला पटत नाही.

खरी मेख नियम ठरवण्याच्या वेळेची. हातात सहा इस्पिके आली की आजोबा बंदच खेळायचे, हे अचानक आठवते. वीरच्या रुळांवर असे चालत नाही. कोकण रेल्वे रोह्याहून वीरला 1993 साली आली, हा टप्पा 2021 साली दुहेरी झाला. वीरच्या पुढे रूळ एकेरी. तिथे कोणत्या गाडीने थांबायचे हे गाड्या समोरासमोर आल्यावर ठरवत नाहीत.

चीन-जपानच्या गो या खेळातही आयत्या फायद्याची हीच रड. काळ्याची पहिली चाल, म्हणून पांढऱ्याला भरपाई: जपानात साडेसहा गुण, चीनमध्ये साडेसात. अर्धा गुण बरोबरी टाळायला. त्यावर एक तोडगा आहे: भरपाई किती ते एकाने सांगायचे, काळे की पांढरे ते दुसऱ्याने निवडायचे. भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावेत, दुसऱ्याने आधी उचलावा, तेच हे. मेंढीकोटात एका जोडीने बंद की कट ते सांगावे, पहिल्यांदा पिसायचे कोणी ते दुसरीने. अर्थात पाने वाटण्याआधी.

भिडूला खोकून खूण करणे दोन्ही पद्धतींत निषिद्ध आहे. पण भाद्रपदातल्या पावसात चौघांपैकी दोघे तरी खरोखरच खोकत असतात.