टॅबवाले साउंडदादा

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा असला, तरी दुपारी तीनपासून सभागृहात एक माणूस अस्वस्थ फिरत असतो. अंगात काळा टी-शर्ट, खिशातून डोकावणारी चिकटपट्टी, गळ्यात हेडफोन (तो कानांवर क्वचित चढतो, पण गळ्यातून कधी उतरत नाही) आणि डाव्या तळहातावर आरतीच्या तबकासारखा तोलून धरलेला टॅब. हे आपले साउंडदादा. वडिलांच्या पाटीवर ‘मंडप, डेकोरेटर्स व लाउडस्पीकर’ असं असायचं. दादांच्या कार्डावर ‘साउंड इंजिनिअर’ असतं. मंडपाचं खातं धाकट्या भावाकडे गेलेलं असतं आणि त्याच्याशी दादांचं फारसं जमत नाही, कारण तो खांब नेमका स्पीकरसमोर रोवतो. दादांच्या बोलण्यात ‘फेज’, ‘लेटन्सी’, ‘हेडरूम’ हे शब्द पेरलेले असतात. निवेदिका येऊन ‘दादा, माझ्या माइकला जरा इको द्या ना’ म्हणाली की त्यांचा चेहरा उतरतो. इको ते देतात. पण देताना आपण काय शिकलो आणि आपल्याला काय करावं लागतंय, हे दुःख चेहऱ्यावर राहू देतात.

दादांची खरी परीक्षा गाणं सुरू होण्याच्या बरीच आधी असते, सॉफ्टवेअर मिक्सरला जोडताना. पूर्वीचा मिक्सर म्हणजे बटणांनी भरलेलं टेबल; आताचा सुटकेसएवढ्या डब्यात मावतो आणि काही डब्यांना तर वरखाली सरकवायची पट्टीसुद्धा नसते. सगळा कारभार लॅपटॉपवरून नाहीतर टॅबवरून. मग लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाका, फायरवॉल काहीतरी विचारेल त्याला न वाचता होकार द्या, छोटा राउटर लावा आणि मिक्सरला व लॅपटॉपला एकाच नेटवर्कमधले पत्ते द्या: 192.168.1 इथवर दोघांचं सारखं, शेवटचा आकडा मात्र वेगळा. तो चुकून सारखाच पडला, तर दोन्ही यंत्रं ठणठणीत असतात, फक्त एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. त्यातून मिक्सरचं फर्मवेअर जुनं आणि सॉफ्टवेअर नवं निघालं, तर पडद्यावर नम्र सूचना येते की अपडेट करून घ्या. कार्यक्रमाला दोन तास असताना अपडेट करायचं नसतं, हे जाणत्याला सांगावं लागत नाही आणि उत्साही माणूस सांगून ऐकत नाही. या सगळ्यातून पार पडलं की तो प्रश्न उमटतो: मिक्सरमधलं सेटिंग इकडे आणायचं, की इकडलं मिक्सरमध्ये टाकायचं? दोन बटणं, शेजारी शेजारी. बरोबर दाबलं तर काहीच घडत नाही. चुकीचं दाबलं तर तासभर खपून बसवलेल्या चोवीस चॅनेलांवर लॅपटॉपमधली कोरी पाटी फिरते आणि तबलजींना पुन्हा पहिल्या ‘धा’पासून सुरुवात करायची विनंती करावी लागते. ती विनंती करायला दादा स्वतः जात नाहीत, केबल ओढणाऱ्या पोराला पाठवतात.

टॅबची तऱ्हा आणखी निराळी. राउटरला जोडला की तो कुरकुरतो, इथे इंटरनेट नाही, आणि आपल्या मनानेच मोबाइल डेटावर निघून जातो. दादांना इंटरनेट नकोच असतं, पण हे टॅबला पटवून देणं सोपं नाही. शिवाय रिकाम्या सभागृहात बिनतक्रार चालणारा टॅब, सात-आठशे माणसं येऊन बसली की अडखळायला लागतो. यात भुताटकी काही नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. खिशाखिशातले फोन त्यातच दाटी करतात; आणि माणूस म्हणजे बव्हंशी पाणी, जे या लहरी शोषून घेतं. थोडक्यात, प्रेक्षक येणं हीच दादांची मुख्य तांत्रिक अडचण.

या खटाटोपाला हसणं सोपं आहे, पण त्यातून मिळतं काय हेही पाहायला हवं. यामाहाचा 02आर हा डिजिटल मिक्सर 1995 चा. तेव्हा ती स्टुडिओवाल्यांची चैन होती. 2010 मध्ये आयपॅड आला. 2012 मध्ये बेहरिंगरचा एक्स32 आणि आयपॅडवरूनच चालवायचा मॅकीचा डीएल1608 आला, आणि हे प्रकरण हळूहळू लहान गावच्या साउंडवाल्याच्याही आवाक्यात येऊ लागलं. त्याने बदललं काय? आपल्याकडे मिक्सर ठेवायची जागा ठरलेली: विंगेत, नाहीतर पार मागे बाल्कनीच्या छपराखाली. मधल्या खुर्च्यांना तिकीट लागतं. मिक्सरला लागत नाही. बाल्कनीखाली बसलेल्याला बाल्कनीखालचाच आवाज ऐकू येतो, तिथे खर्ज घुमतो आणि शब्द विरतात. आणि तिथून तो सहाव्या रांगेतल्या रसिकासाठी आवाज ठरवणार. टॅबने या माणसाला पाय दिले. तो आता सहाव्या रांगेत बसू शकतो, शेवटच्या रांगेत जाऊ शकतो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिथल्या माणसाला काय भोगावं लागतं ते ऐकू शकतो आणि तिथल्या तिथे दुरुस्त करू शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे: साउंडवाल्याला उठून ऐकायला जाता यावं म्हणून हे सॉफ्टवेअर हातात आलं; दादा उठून ऐकायच्या जागी जातातही, पण तिथे जाऊन ते बघतात.

आणि बघण्यासारखं तिथे पुष्कळ असतं. प्रत्येक चॅनेलचा रंगीत आलेख, त्यावर नाचणारे उभे पट्टे, कुठे टेकडी, कुठे खळगा. टेकडी दिसली की बोट तिच्यावर जातं आणि ती सपाट होते. गायिकेच्या आवाजात जी धार असते, ज्या धारेसाठी लोक तिकीट काढून आलेले असतात, ती आलेखावर अडीच-तीन किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा म्हणून दिसते. दादा तो उंचवटा मन लावून छाटतात. आलेख देखणा होतो. बाईंचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, मग बाई मॉनिटर वाढवायला सांगतात, मॉनिटर वाढला की शिट्टी वाजते, शिट्टी आलेखावर उंच सुळका म्हणून दिसते, आणि दादा समाधानाने तोही छाटतात. एका उंचवट्याच्या सफाईतून तीन कामं निघाली. ती तिन्ही पडद्यावर यशस्वी.

तयार सेटिंगांचा मामला याहून गमतीचा. सॉफ्टवेअरमध्ये पुरुष गायक, स्त्री गायिका, किक ड्रम, बेस गिटार अशी आयती सेटिंगं भरलेली असतात. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रॉक बँड होता. त्यात त्यांचा दोष नाही. पण यादीत तबला बहुधा सापडत नाही, तेव्हा दादा डग्ग्याला किक ड्रमचं सेटिंग चढवतात. किक ड्रमकडून हवा असतो तो धपका. मधला भाग कोरून काढलेला चालतो. तबल्याचं सगळं वैभव नेमकं त्या मधल्या भागात आहे. शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर मूळ स्वराशी सुरेल नात्यात बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये मांडलं होतं; म्हणून तर तबला गायकाच्या षड्जाला लावता येतो. त्या वाद्याला किक ड्रम समजणं म्हणजे शंभर वर्षांमागचं भौतिकशास्त्र एका बोटाने पुसणं. मग येतो ‘गेट’. ठरावीक पातळीखालचा आवाज हा गोंगाट आहे असं मानून तो दार लावून घेतो. ख्याल गाणारे बुवा विलंबितात मंद्र सप्तकात उतरतात, आवाज बारीक करत षड्जावर टेकायला जातात आणि नेमक्या त्या क्षणी दार बंद होतं. बुवा टेकलेले असतात, श्रोत्यांपर्यंत ते पोचलेलं नसतं. पडद्यावर त्या जागी एक लाल दिवा शिस्तीत लागलेला असतो.

यावर दादांचं उत्तर तयार आहे आणि ते बिनबुडाचं नाही. ते म्हणतात, कानाचं काय सांगता? कान दमतो, कानाला सवय होते, तासाभराने त्याला कर्कशही गोड लागतं. मोजमाप खोटं बोलत नाही. खरं आहे. मोजमापाची सॉफ्टवेअरं 1990 च्या दशकापासून जगभरच्या जाणत्यांच्या हाती आहेत, आणि उलट्या जोडलेल्या वायरीमुळे दोन स्पीकर एकमेकांचा आवाज खात असतील, तर तो रोग त्यात चटकन पकडता येतो. पण मोजमाप खोटं बोलत नाही, ते विचारलं तेवढंच बोलतं. माइक एका खुर्चीपाशी ठेवून, खसखसणारा पिंक नॉइज सोडून, दुपारी रिकाम्या सभागृहात जे मोजलं ते त्या खुर्चीचं आणि त्या रिकामपणाचं माप. संध्याकाळी माणसं आणि त्यांचे कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, घुमारा कमी होतो, सभागृह दुसरंच होतं. मैदानात तर हवाही बदलते. स्टेजपासून 34 मीटरवर जादा स्पीकर लावले, तर पुढचा आवाज तिथे पोचायला साधारण दहावा भाग सेकंद लागतो, म्हणून मागच्यांना तेवढं थांबवून वाजवायचं. दादा दुपारच्या 35 अंशांत बसून हा उशीर 96.45 मिलिसेकंद असा लावतात. सॉफ्टवेअर दशांशानंतरही दोन घरं देतं, मग ती रिकामी कशी सोडायची? रात्री पारा 20 वर उतरला की हवेतला ध्वनीच मंदावतो आणि खरा उशीर 99 च्या घरात जातो. अडीच मिलिसेकंदांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्यांनी शतांशापर्यंत काटा लावला होता, त्यांनी रात्री मागे जाऊन नुसतं ऐकलेलं नसतं.

दुसऱ्या बाजूने जुने रसिक बोलतात: या टॅबाबिबाने वाट लावली, पूर्वी एक अँप्लिफायर, दोन भोंगे आणि तीन बटणं यांत काय सुंदर गाणी ऐकली! त्यांच्या आठवणींचा मान राखून सांगायला हवं की सुंदर होती ती गाणी. भोंगा खर्ज वाजवूच शकत नाही. त्यातून भाषणही नाकातून आल्यासारखंच यायचं. आणि नव्याने काय साधलं, ते नाटकवाल्यांना विचारा. आज प्रयोग बालगंधर्वला, उद्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनला. पन्नास-साठ संगीताच्या जागा, प्रत्येक प्रवेशाला वेगळे माइक चालू-बंद. हे पूर्वी माणसाच्या डोक्यात असायचं आणि तो माणूस आजारी पडला की नाटकही आजारी पडायचं. आता एका बोटात पुढचा प्रवेश लागतो. त्या फाइलला नाव मात्र ‘बालगंधर्व फायनल’ असतं आणि ती तशीच ठाण्यात उघडली जाते. प्रवेशांचा क्रम फाइलमध्ये जातो, भिंती जात नाहीत, हे दादांना कळत नाही असं नाही. वेळ नसतो.

आणि इथे दादांच्या बाजूने बोलावंसं वाटतं. साउंड चेकला दोन तास मिळतील असं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात आधीच्या शाळेचं स्नेहसंमेलन लांबतं, मग पुष्परचनावाले स्टेज अडवतात, मग बुवा येतात तेच चहाला जातात. उरलेल्या दहा मिनिटांत माणूस आलेखावर विसंबणार नाही तर काय करणार? शिवाय ऐकणं हे काम दिसत नाही. दादा सहाव्या रांगेत डोळे मिटून पाच मिनिटं बसले, तर कार्यकर्ता येऊन खांद्याला हात लावतो, ‘दादा, झोप लागली का?’ तेच टॅबवर बोट फिरवत बसले की कुणी हटकत नाही, उलट दोन पोरं मागून आदराने डोकावतात. कलाकारांचंही तसंच. बुवा म्हणतात, ‘तानपुरा थोडा वाढवा.’ दादा बोट हलवतात, बुवा मान डोलावतात, ‘हां, आता बरं.’ बोट भलत्याच चॅनेलवर होतं, पण टॅबकडे पाहून हाललेलं होतं. जे दिसतं त्याचीच पावती मिळत असेल, तर माणूस दिसेल असंच काम करायला शिकतो. दादा काही जगावेगळे नाहीत.

पावतीचा हिशेब कोटेशनमध्ये अगदी स्वच्छ कळतो. टॉप आठ, बेस चार, मॉनिटर सहा, माइक चोवीस, आणि तळाशी दादांनी अभिमानाने वेगळी लिहिलेली ओळ: टॅबलेट मिक्सिंग. आयोजक चष्मा लावून बोट खाली खाली आणतो. बेसला हरकत नसते, बेस चार दिसतात. या ओळीपाशी बोट थांबतं. ‘दादा, हा टॅब वगळला तर किती होतील?’