तुळस उघडत नाही

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये इमारतींच्या समूहांना झेन, मुघल, कॅक्टस अशी नावं आहेत. आम्ही झेनमध्ये राहतो. मनःशांती नावातच आलेली, बाकीची ज्याची त्याने मिळवायची. जुलैत गॅलरीतली तुळस करपू नये म्हणून मी कुंडीत ओल मोजणारं यंत्र खोचलं. ईएसपी 32 नावाची नखाएवढी चिप आणि तिच्याच पोटात वेब सर्व्हर. फोनवर पान उघडलं की तुळशीचा फोटो आणि मातीची ओल दिसे.

सासूबाईंनी ते उघडलं आणि दचकल्या. ब्राउझर सांगत होता, 'सुरक्षित नाही.'

"जावईबापू, तुळस आणि सुरक्षित नाही?"

घराचं रक्षण करणारीवरच असा शेरा! मी लगोलग एचटीटीपीएस बसवलं, प्रमाणपत्र घरीच तयार करून सगळ्यांच्या फोनमध्ये चढवलं.

तेव्हापासून तुळस मनाला येईल तेव्हा उघडू लागली. मध्यरात्री मी तपासावं तर ठणठणीत, सकाळी चहाच्या वेळी मात्र जोडणीच होईना. मित्रांना बोलावलं. एकाने राउटरला धरलं, दुसऱ्याने प्रमाणपत्राला, तिसऱ्याने उन्हाला. दुबईत कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं. यंत्र बंद करून चालू केलं की दुखणं पळे, आणि जाताना पुरावाही घेऊन जाई.

निदान केलं सासूबाईंनी. "मी एकटी असले की उघडते. तुम्ही सगळे फोन घेऊन बसलात की रुसते."

यंत्राची नोंदवही उघडली तर तेच लिहिलेलं : मेमरी मिळाली नाही. या चिपची मेमरी 520 किलोबाइट, त्यातला मोठा वाटा वाय-फाय आणि इतर कामांत जातो. एचटीटीपीएसमागच्या टीएलएसच्या एका नोंदीत 16 किलोबाइटपर्यंत मजकूर येऊ शकतो, म्हणून प्रत्येक जोडणीसाठी तेवढी सलग जागा राखून ठेवायची. वर ब्राउझर एकाच पानासाठी एकदम अनेक जोडण्या मागतो. चार फोन म्हणजे वरातच! शिवाय काही दिवसांत मेमरीचे तुकडे पडतात. आमच्या पार्किंगमध्ये रात्री दोन गाड्यांमध्ये हातहातभर जागा सगळीकडे असते, पण गाडी कुठेच मावत नाही, तसं. बंद करून चालू केलं की सगळं पटांगण मोकळं, म्हणून गुण येई.

मग एका वेळच्या जोडण्यांवर मर्यादा घातली, झालेली जोडणी पुन्हा वापरायला लावली, प्रमाणपत्राची आरएसए पद्धतीची मोठी किल्ली काढून लहान लंबवर्तुळी वक्राची आणली आणि तुळशीचा फोटो बारीक केला. फोटोला सासूबाईंची हरकत होती. ती नोंदवून घेतली.

तुमच्याकडचं एखादं यंत्र अधूनमधून रुसत असेल, तर प्रमाणपत्राची तारीख नंतर पाहा. आधी विचारा, त्या वेळी घरात माणसं किती होती? आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारा. त्यांची नोंदवही बंद करून चालू केली तरी पुसली जात नाही.